विहिरीच्या पाण्यातील वीज : घ्यावयाची दक्षता



पाणबुडी मोटारीच्या केबलचा जोड उघडा पडला, की विहिरीच्या वा शेततळ्याच्या पाण्यात वीज उतरते. ती दिसत नाही. मात्र हातपाय आखडून पट्टीचा पोहणाराही बुडतो. फ्यूज असताना असे कसे, असे आपण विचाराल. फ्यूज वितळायला कित्येक अँपिअर लागतात. माणसाच्या मृत्यूला अँपिअरचा दहावा भागही पुरतो. म्हणून ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा ईएलसीबी बसवावा व अर्थिंग दरवर्षी तपासून घ्यावे.

वीज गेली म्हणून विहिरीत उतरू नये. ऑटो स्विच असल्यास वीज येताच मोटार सुरू होते. आधी मेन स्विच बंद करावा. कोणी पाण्यात आखडल्यास मागोमाग उडी घेऊ नये. प्रथम मेन स्विच, मग दोर.