स्थानबद्धता आणि राज्यघटना

भारतीय राज्यघटनेत मूलभूत अधिकारांच्या भागातच अशी तरतूद आहे, की गुन्हा सिद्ध न होता, किंबहुना खटलाच न चालवता, माणसाला तुरुंगात ठेवता येते. अनुच्छेद २२ ही ती तरतूद. घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा न्यायालय देते. घडू शकेल अशा कृत्यासाठी प्रशासन आधीच अडकवून ठेवते, ती प्रतिबंधक स्थानबद्धता. शांततेच्या काळातही हा अधिकार घटनेतच नोंदवणाऱ्या लोकशाही फार थोड्या आहेत.

घटनाकारांपुढची अराजकाची भीती खरी होती. फाळणीच्या कत्तली, गांधीहत्या आणि तेलंगणातला सशस्त्र लढा या सर्व गोष्टी घटना लिहिली जात असतानाच घडत होत्या. अनुच्छेद २१ मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’ एवढेच संरक्षण उरले, तेव्हा ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये अटकेविषयीच्या तरतुदी मांडल्या. स्थानबद्धाला कारणे कळवावीत, तीन महिन्यांपुढे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत घ्यावे, ही बंधने तिथून आली. घटना अमलात येऊन महिना झाला आणि संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा केला. त्याच वर्षी ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले, की रीतसर केलेला कायदा आहे ना, एवढेच पाहायचे. कार्यपद्धती न्याय्य आहे का, हे पाहायचे नाही. न्या. फजल अली यांनी वेगळे मत नोंदवले.

या अर्थाची खरी किंमत २५ जून १९७५ नंतर कळली. अंतर्गत अशांततेचे कारण देऊन आणीबाणी पुकारली गेली. ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली विरोधी नेते, कार्यकर्ते, पत्रकार तुरुंगात गेले आणि अनुच्छेद २१ साठी न्यायालयात जाण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झाला. तरीही बंदी प्रत्यक्षीकरणाचे अर्ज ऐकता येतात, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले. त्यांत मुंबई उच्च न्यायालय होते. डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. पुढे दुर्गाबाईंना तुरुंगवास घडला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने उच्च न्यायालयांचे निकाल फिरवले. सुनावणीत न्या. एच. आर. खन्ना यांनी विचारले होते, की बेकायदा कोणाचा जीवच घेतला तर? तेव्हाही न्यायालयाकडे इलाज नाही, असे महान्यायवाद्यांनी सांगितले. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले आणि त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. तो बहुमताचा निकाल २०१७ मध्ये, पुट्टस्वामी खटल्यात, उलथला.

४४ व्या घटनादुरुस्तीने मात्र कायद्यातली भोके लगेच, १९७८ मध्येच, बुजवायला घेतली. ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ आले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय बंधनकारक झाला, अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित होईनात. हे काम पक्के झाले. त्याच दुरुस्तीचे कलम ३ मात्र आजवर लागू झालेले नाही. सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमावे आणि मंडळाविना स्थानबद्धतेची मुदत तीनऐवजी दोन महिने असावी, असे ते कलम सांगते. १९८१ मध्ये ए. के. रॉय खटल्यात सरकारला तसा आदेश देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. असाधारण काळासाठी घटना सावध झाली, रोजच्या काळासाठी नाही. स्वातंत्र्याचा तोल मात्र रोजच्या काळातच अधिक वेळा ढळतो.

महाराष्ट्रात हे १९८१ च्या ‘एमपीडीए’त दिसते. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी झालेल्या या कायद्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने माणूस वर्षभरापर्यंत स्थानबद्ध राहू शकतो. सल्लागार मंडळापुढे त्याला वकील देण्याचा हक्क नसतो. वकिलांच्या परिषदेने ही बाब गंभीरपणे घ्यायला हवी. मजकूर अपुरा आहे किंवा स्थानबद्धाच्या निवेदनाचा निर्णय उशिरा झाला, अशा कारणांनी उच्च न्यायालय असे आदेश रद्द करते. पण अर्ज सुनावणीला येईपर्यंत त्या वर्षातले कित्येक महिने तुरुंगात सरलेले असतात. कलम ३ लागू करण्यासाठी संसदेची नवी संमती लागत नाही, केंद्र सरकारची अधिसूचना पुरते. आणि ती मागण्याचे काम सर्वांत आधी वकिली व्यवसायाचे आहे.