मनाच्या स्वास्थ्यासाठी शरीराची साथ



जोडीदाराचा वियोग, मुलांचे दूर जाणे, कामातून निवृत्ती यांमुळे उतारवयात मन खचते. 'आता वयच झाले' असे म्हणून आपण ते मुकाट्याने सोसतो. परंतु सततचे नैराश्य हा वार्धक्याचा धर्म नव्हे. तो उपचारांनी बरा होणारा आजार आहे.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पन्नास व त्यापुढील वयाच्या १५६ नैराश्यग्रस्त स्त्री-पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. काहींना औषध, काहींना आठवड्यातून तीनदा व्यायाम, तर काहींना दोन्ही देण्यात आले. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा आढळली. मात्र औषधाचा गुण लवकर दिसला होता. म्हणून चालू असलेले औषध वैद्यकीय सल्ल्याविना कोणीही सोडू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला. शिवाय तोल व स्नायुबळ राखणारे व्यायाम किमान तीन दिवस. आरंभ झेपेल तेवढ्यानेच करावा. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. आणि बोलायला सोबत हवी, म्हणून शेजारच्या एकाकी वृद्धालाही हाक मारावी.