हलत्या चित्रांचे पहिले दिवस

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हटला की पन्नास वर्षांचा हिशेब आलाच. तो मांडण्याचा अधिकार जुन्या कार्यकर्त्यांचा. आम्ही आपल्याला त्याहून मागे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेणार आहोत. विषय आहे चलच्चित्राचा जन्म आणि त्या काळी आपल्या माणसांनी केलेली धडपड.

पडद्यावरील चित्रांची हौस आपल्याकडे त्याआधीही होती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर दाखविली. एकामागून एक चित्र झरझर बदलले की पडद्यावरची माणसे हलल्याचा भास होई. सोबतीला निवेदन असे. परंतु ते चितारलेले जग होते. खऱ्या माणसांची खरी हालचाल टिपणारे यंत्र अजून यावयाचे होते.

अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात असे यंत्र सिद्ध झाले आणि १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसाठी खुले झाले. पण त्या पेटीत डोळा लावून एका वेळी एकानेच पाहावयाचे. फ्रान्समधील लिआँ शहरी छायाचित्रणाच्या काचांचा कारखाना चालविणाऱ्या ऑगुस्त आणि लुई या ल्युमिएर बंधूंनी ही उणीव दूर केली. त्यांचे यंत्र सुटसुटीत. त्यानेच चित्रण करावयाचे, त्यानेच प्रत काढावयाची आणि त्यानेच पडद्यावर दाखवावयाचे. हाताने दांडा फिरवावयाचा, सेकंदाला सुमारे सोळा चित्रे. फीत सतरा मीटरची, त्यामुळे सारा खेळ मिनिटभरात आटोपे. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्राँ काफेच्या तळघरात एक फ्रँक देऊन तेहेतीस प्रेक्षक जमले. गर्दीने एकत्र बसून एकच चित्र पाहावे, ही प्रथा तेथून रूढ झाली.

तेथून मुंबईला पोहोचण्यास या नवलाईला सात महिनेही लागले नाहीत. ल्युमिएर यांचे प्रतिनिधी मारियुस सेस्तिये ऑस्ट्रेलियास निघाले होते. वाटेत ७ जुलै १८९६ रोजी त्यांनी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात सहा चित्रे दाखविली. आगगाडी फलाटावर येते, कामगार कारखान्याबाहेर पडतात, लोक समुद्रात स्नान करतात, भिंत पाडली जाते, असे ते साधे विषय. तिकीट एक रुपया, म्हणजे सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे. मात्र आठवड्याभरातच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवले गेले आणि पडदानशीन स्त्रियांसाठी निराळी सोयही झाली. चित्रपट सर्वांचा होण्याची सुरुवात तेथेच झाली.

आता आपल्या माणसाकडे वळू. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा हे मुंबईतील छायाचित्रकार. नुसते पाहून त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. फीत धुण्यासाठी विलायतेस पाठवावी लागली. पुढे केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले रघुनाथराव परांजपे १९०१ साली स्वदेशी परतले, तेव्हाचे त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपले. भारतीयाने घेतलेले पहिले वृत्तचित्र म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याच सुमारास कलकत्त्यात हिरालाल सेन यांनीही हाच ध्यास घेतला होता. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, तो या पायवाटेवरून.

श्रोतेहो, यापुढची गोष्ट सांगताना मन खिन्न होते. ल्युमिएर कंपनीची सुमारे चौदाशे चित्रे आज नीट जपलेली आहेत. वॉटसन हॉटेलात लोकांनी पाहिलेल्या विषयांची चित्रे आपण आजही पाहू शकतो. पण हँगिंग गार्डनमधील ती कुस्ती आपल्याला दिसत नाही. परांजप्यांचे स्वागत दिसत नाही. हिरालाल सेन यांचा संग्रह १९१७ साली आगीत गेला. त्या काळची फीत नायट्रेटची, झटकन पेट घेणारी आणि नुसती पडून राहिली तरी कुजणारी, हे खरे. पण ल्युमिएर यांची फीतही तशीच होती! फरक पडला तो जपणुकीचा. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते.

कर्तबगारीत आपण मागे नव्हतो, कर्तबगारीची खूण जपण्यात मागे पडलो. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे अधिक लागू आहे. गावी निदान वाडा असतो, देऊळ असते, सांगणारे कोणी असते. येथे आपल्या मागे उरतील ती मंडळाची इतिवृत्ते, गणेशोत्सवाच्या हस्तपत्रिका, नाटकांची छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी. घराघरांतील पेट्यांमधून त्या आजच बाहेर काढाव्या, मागे नावे व तारखा लिहाव्या आणि मंडळाच्या कपाटात एकत्र ठेवाव्या, एवढीच आमची विनंती आहे. मंडळाच्या शताब्दीला येथे जमणाऱ्यांना आपण दिसलो पाहिजे.