माग थांबले की जाग यायची

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकबद्दल बोलायला सांगितलंय. आधी एक गैरसमज दूर करते. मी एव्हरेस्ट चढले नाही. शिखर ८,८४९ मीटरवर, बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. पुण्याच्या सुरेंद्र चव्हाणांनी १९९८ साली ते शिखर गाठलं, ते गिर्यारोहण. आमची आपली गाईडच्या मागून पायपीट. पी.टी.च्या तासाला पोट दुखतं म्हणून वर्गात बसणारी मुलगी तिथवर गेली, याचंच बाईंना नवल वाटत असेल.

लुक्लापर्यंत विमान, पुढे पायी. नामचे बाजार ३,४४० मीटरवर. तिथे एक दिवस जास्त थांबायचं. ३,००० मीटरच्या वर गेलं की मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, असा दंडक. बेस कॅम्पला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच मिळतो. म्हणून गाईड सारखा म्हणायचा, "बिस्तारै, बिस्तारै." म्हणजे सावकाश. ऑफिसात मला रोज याच्या उलट ऐकायची सवय!

दिंगबोचेला, ४,४१० मीटरवर, रात्री झोप लागेना. उंचीवर असं होतंच. पण मला ती शांतताच खुपत होती. दुसऱ्या दिवशी शेगडीपाशी बसून गाईडला सांगितलं, "आमच्या भिवंडीत खोलीमागे रात्रंदिवस माग चालायचे. त्या खटखटीत आम्ही गाढ झोपायचो. लाइट गेली, माग थांबले, की सगळं घर जागं."

त्यानं विचारलं, "वडील काय करायचे?"

"माग चालवायचे. दुसऱ्याचे. बारा तासांची पाळी."

बोलून गेले आणि गप्प झाले. कारण शाळेच्या वहीत मी 'कापडाचा व्यापार' लिहीत आले होते. सातवीत एकदा बाबा पाळी संपवून माझा विसरलेला डबा द्यायला गेटपाशी आले. केसांत कापसाची तूस. तुमच्यापैकीच कोणीतरी विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "शेजारचे काका." बाबांनी ते ऐकलं. त्यानंतर ते शाळेकडे कधीच फिरकले नाहीत.

जे तुम्हाला दहा वर्षांत सांगितलं नाही, ते एका परक्या माणसाला सांगितलं.

परतताना अंजूरफाट्याला ट्रेलरच्या रांगेत तासभर अडकले. धूळ, हॉर्न, आणि भरपूर प्राणवायू! आमच्या गल्लीतले बरेच माग आता बंद झालेत. मागांपायी बाबांना ऐकूही कमी येतं. मी ओरडून ओरडून ट्रेक सांगितला. त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज नव्हता, मग झोप कशी लागली गं?"

मग त्या डब्याबद्दल बोलले. ते म्हणाले, "मला तेव्हा ऐकू येत होतं." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

आज त्यांना गेटच्या आत घेऊन आलेय. तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यात बसलेत. ते शेजारचे काका नाहीत. ते माझे बाबा आहेत.