विजेची बचत : राष्ट्रीय धोरण आणि आपला समाज
(चिखलदरा येथील शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ऊर्जेची बचत आणि त्यासाठीचे राष्ट्रीय धोरण या विषयावर मला बोलावयास सांगितले आहे. मी इंजिनिअर नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. तेव्हा हा विषय मी जमाखर्चाच्या अंगानेच मांडणार आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विजेचा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडेच होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी दारिद्र्य, उद्योगधंदे आणि वीज यांची सांगड घातली. वीज नुसती असून भागणार नाही, ती मुबलक आणि स्वस्त असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, ते याच काळात. वीज गरिबाच्या घरी किती आणि कोणत्या भावाने पोहोचते, ही कसोटी आजच्या धोरणालाही लावली पाहिजे.

आता बचतीचे म्हणाल तर, आपल्या अकोला जिल्ह्यातील पारसला ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. अशा केंद्रात कोळशातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. पुढे तारांमधून येताना आणखी गळती होते. म्हणून घरात वाचलेले एक युनिट म्हणजे केंद्रात एकाहून अधिक युनिटांचा वाचलेला कोळसा होय.

सरकारने या दिशेने काय केले? २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. २००६ पासून फ्रिज, ट्यूबलाइट यांवर ताऱ्यांची पट्टी येऊ लागली. २०१२ पासून सिमेंट, पोलाद, औष्णिक वीज यांसारख्या ८ उद्योगांतील ४७८ कारखान्यांना बचतीचे उद्दिष्ट ठरवून देण्यात आले. जो उद्दिष्टापेक्षा जास्त वाचवील त्याने ती बचत प्रमाणपत्राच्या रूपाने विकावी, जो कमी पडेल त्याने ती विकत घ्यावी, अशी ही व्यवस्था.

सर्वांत बोलका अनुभव एलईडी दिव्याचा. २०१४ च्या सुरुवातीस सरकारी खरेदीत हा दिवा सुमारे ३१० रुपयांना पडत होता. सरकारी कंपनीने एकगठ्ठा मागणी नोंदविली आणि २०१६ मध्ये हा भाव ४० रुपयांच्या खाली आला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. साठ वॅटच्या बल्बचे काम नऊ वॅटमध्ये होऊ लागले. उपदेशाने जे झाले नसते ते भाव उतरल्याने झाले.

परंतु पंख्याचे तसे झालेले नाही. चिखलदऱ्याच्या थंड हवेत बसून आपल्याला हे जाणवणार नाही, पण घाटाखाली अकोला-अमरावतीचा उन्हाळा आपण सर्व जाणतो. साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा, तर नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटचा. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटे वाचतात, दोन पंख्यांमागे ३२. महिन्याला १२० युनिटे जाळणारे घर ८८ वर येते. महावितरणच्या घरगुती दरात १०० च्या पुढचे युनिट अधिक महाग असते, म्हणजे महाग युनिटेच आधी वाचतात. पण हा पंखा साध्या पंख्यापेक्षा महाग. ज्याच्या हाती आज रोख नाही तो साधा पंखा घेतो आणि पुढे वर्षानुवर्षे बिलातून त्याचे व्याज भरत राहतो. जानेवारी २०२३ पासून पंख्यावर ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली खरी, पण पट्टी वाचता येणे वेगळे आणि पंखा परवडणे वेगळे. त्याच वर्षी दिव्याप्रमाणे पंख्यांच्याही एकगठ्ठा खरेदीचा कार्यक्रम जाहीर झाला. तो वस्तीपर्यंत पोहोचावा आणि पंख्याची किंमत बिलातून हप्त्याने फेडता यावी, ही आपली मागणी असली पाहिजे.

शेतीचेही असेच आहे. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्यात आली. शेतकऱ्याला दिलासा मिळालाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. तथापि बिलच नसेल तर तो चांगला पंप कशासाठी घेईल? बिल शासन भरते, तर जुना पंप बदलून देण्यात शासनाचाच लाभ आहे.

आणि चूल! मेळघाटातील माताभगिनींच्या डोक्यावरची मोळी हाही ऊर्जेचाच प्रश्न आहे. साध्या चुलीत लाकडाची बहुतेक उष्णता वाया जाते आणि धूर मात्र छातीत जातो. १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला आणि २००२ मध्ये तो बंद पडला. चुली वाटल्या गेल्या, पण त्यांची दुरुस्ती कोणी पाहिली नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तेथेही पहिले सिलिंडर येण्यापेक्षा पुढची सिलिंडरे परवडणे हा खरा प्रश्न आहे. किती वाटले याचा हिशोब ठेवणारे धोरण अपुरे. किती वापरात राहिले, हेही मोजले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या वस्तीतील पन्नास घरांची बिले गोळा करा. पंखे किती, वॅट किती, युनिटे किती, याचा तक्ता करा. महिला बचत गटांनी एकत्र मागणी नोंदवून दुकानदाराकडून भाव कमी करून घ्यावा. मंडळाने वसतिगृहापासून सुरुवात करावी. असा तक्ता हाती असला म्हणजे निवेदनाला वजन येते. वरून येणारे धोरण आपल्या घरापर्यंत आणण्याचे काम मात्र शिकलेल्या मुलामुलींनाच करावे लागेल.