दुःखाला आजार म्हणण्यापूर्वी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर निकाल, शिष्यवृत्त्या आणि नव्या इमारतीचा निधी यांवर बोलण्याचा रिवाज आहे. आज मी थोडी वेगळी वाट धरणार आहे. आपल्या घरांत अलीकडे एक शब्द फार सहजपणे शिरला आहे. तो म्हणजे ‘डिप्रेशन’. मुलगा दोन दिवस गप्प बसला की डिप्रेशन, मुलीचे ठरलेले लग्न मोडले की डिप्रेशन आणि अब्बांची गिरणी बंद पडली तरीही डिप्रेशनच! या एका शब्दाने आपल्या भाषेतले किती शब्द गिळून टाकले, याचा विचार आपण केला आहे काय? खंत, हुरहुर, घालमेल, धास्ती, विरह, पश्चात्ताप, उमेद खचणे, जीव न रमणे, हे सारे वेगवेगळे अनुभव आहेत. त्यांची कारणे वेगळी आणि म्हणून त्यांवरचे उपायही वेगळे. सर्वांना एकच नाव दिले की सर्वांना एकच औषध लागू करण्याचा मोह होतो.

मृत्यूच्या दुःखाचे उदाहरण घेऊ. मानसिक आजारांची व्याख्या करणारा ‘डीएसएम’ नावाचा ग्रंथ अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांची संघटना प्रसिद्ध करते. त्याची पहिली आवृत्ती १९५२ साली निघाली. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत अशी तरतूद होती की, जवळचे माणूस गेल्यानंतर साधारण दोन महिन्यांपर्यंतच्या उदासीनतेला, विशेष गंभीर लक्षणे नसतील तर, आजार समजू नये. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ही सवलत काढून टाकण्यात आली. म्हणजे दोन आठवडे लक्षणे टिकली, तर शोकात असलेल्या माणसालाही नैराश्याचा रुग्ण ठरविता येऊ लागले. पुढे २०२२ साली ‘प्रदीर्घ शोक’ हा स्वतंत्र विकारच यादीत आला. त्यासाठी प्रौढांना एक वर्षाची मुदत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत मात्र हीच मुदत सहा महिन्यांची आहे.

दोन महिने, दोन आठवडे, सहा महिने, एक वर्ष! क्षयाचे जंतू थुंकीत सापडतात, मधुमेहात रक्तातली साखर मोजता येते. दुःखाला असे मोजमाप नाही. त्याची सीमारेषा माणसे चर्चेने ठरवतात आणि चर्चेने बदलतात. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, सवलत काढणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. शोकातल्या माणसालाही खरे, जीवघेणे नैराश्य येऊ शकते आणि त्याला उपचार नाकारला जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु चौथ्या आवृत्तीच्या समितीचे प्रमुख असलेले डॉ. अॅलन फ्रान्सिस यांनीच या बदलाला जाहीर विरोध केला. साध्या माणसांचे साधे दुःख रोगाच्या खात्यात जमा होईल, हा इशारा त्या क्षेत्रातल्याच जाणकाराने दिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या समाजाने शोकाला जागा दिली आहे आणि हद्दही घातली आहे. इतर आप्तांसाठी तीन दिवसांचा शोक, विधवेसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत. मय्यतीच्या घरी चूल पेटली नाही तरी शेजारच्या घरून डबा येतो. तिथे कोणी रडणाऱ्याला ‘तुला काय झाले आहे?’ असे विचारीत नाही. काय झाले आहे, ते सर्वांना ठाऊक असते. दुःख एकट्याचे राहत नाही, ते मोहल्ल्यात वाटले जाते. हा डबा येणे बंद झाले आणि त्या जागी नुसती गोळी आली, तर आपण पुढे गेलो असे म्हणता येईल काय?

‘मेंदूतले रसायन कमी पडले’ असे कारण आज सर्रास सांगितले जाते. सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येते, या समजुतीच्या पुराव्याचा व्यापक आढावा लंडनच्या डॉ. जोआना मॉनक्रीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली घेतला. तिला सुसंगत आधार सापडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचा अर्थ औषधांनी कोणालाच गुण येत नाही, असा मुळीच नव्हे. अर्थ एवढाच की, प्रत्येक उदास माणसाच्या डोक्यात काहीतरी बिघडले आहे, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

मात्र बंधुभगिनींनो, माझे बोलणे अर्धवट ऐकून कोणी घरी जाऊ नये. ‘मनाचे आजार थोतांड आहेत’ असे म्हणणारा माणूस तितकाच धोकादायक. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एर्वाडी येथे, दर्ग्याच्या आधाराने चालणाऱ्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जीव गेले. आजाराला आजार न म्हटल्याची ती किंमत होती.

हा विवेक आपल्याला परका नाही. दहाव्या शतकात, इ. स. ९३४ साली निवर्तलेले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दुःखाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकाचे कारण ठाऊक असते, जसे की प्रियजनाचा वियोग किंवा मालमत्तेची हानी. दुसऱ्याचे कारण माणसाला सापडत नाही. या दुसऱ्याचे मूळ त्यांनी शरीरात मानले आणि त्यावर शारीरिक उपचार सांगितले. वैद्यकशास्त्र तेव्हापासून फार पुढे गेले, पण ‘आधी कारण विचारा’ ही शिस्त आजही उपयोगी आहे.

आता आपल्या घरांकडे पाहू. नवरा आखातात, घरी सासू-सासरे, दोन मुले आणि सुनेला रात्री झोप नाही, छातीत धडधड. तिला झोपेची गोळी मिळते. या गोळ्यांची सवय लागते आणि त्या एकदम सोडणेही धोक्याचे असते. पण तिचा एकटेपणा, तिच्या हाती नसलेला पैसा, तिला न विचारता होणारे निर्णय यांवर कोणती गोळी आहे? दहावीला मार्क कमी पडलेल्या मुलाला त्याच्या चुलतभावाचे टक्के रोज ऐकवायचे आणि मग त्याला डॉक्टरकडे न्यायचे, हा कुठला उपचार? जे दुखणे घराच्या रीतीत आहे, ते आपण मुलाच्या डोक्यात शोधतो. आजाराचे नाव दिले की इतर सारे निर्दोष सुटतात, हीच त्या नावाची खरी सोय आहे.

ऐकून घेण्यात केवढे बळ असते, याचा दाखला शेजारच्या गोव्यात आहे. तिथल्या आरोग्य केंद्रांत, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण खास प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांशी बोलण्याचे काम केले. गरज पडेल तिथे डॉक्टर आणि औषध होतेच. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांत बरे होण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीपेक्षा अधिक होते.

तेव्हा पालकांना माझी विनंती अशी. मूल उदास दिसले तर प्रथम त्याच्याजवळ बसा, कारण विचारा आणि उत्तर आपल्याविरुद्ध असले तरी ऐकून घ्या. परंतु खाणेपिणे, झोप, अभ्यास सारेच आठवड्यामागून आठवडे कोलमडले, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले किंवा मरणाची भाषा तोंडी आली, तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टर गाठा. ‘लोक काय म्हणतील’ हा विचार तिथे करू नका. २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. आणि जे औषध घेत आहेत, त्यांनी माझे भाषण ऐकून ते बंद करू नये. आपल्या डॉक्टरांना प्रश्न विचारावेत, तो तुमचा हक्क आहे.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, मैत्री तुटली की जेवण गोड लागत नाही. याने तुम्ही रोगी ठरत नाही. ज्याला काही प्रिय आहे, त्यालाच ते गमावल्याचे दुःख होते. मात्र ते दुःख एकट्याने सोसू नका. कोणाला तरी सांगा, आणि तुमच्या बाकावरचा सोबती सांगू लागला, तर त्याची चेष्टा करू नका.

आपली शाळा मुलांना अनेक भाषा शिकविते. आपले दुःख त्याच्या खऱ्या नावाने सांगण्याची भाषाही इथे शिकविली जावो, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.