मुद्दल तेवढे घ्यावे



दोडामार्गच्या माणसाला नाका म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पलीकडे गोवा. तिथे पेट्रोल स्वस्त, आणि बाटलीचे तर आकाशवाणीवरून बोलूच नये! साडेतीनशे वर्षांपूर्वी पलीकडे स्वस्त होते ते मीठ. बारदेशात पोर्तुगीजांचा अंमल होता आणि तिथले मीठ कमी भावात मिळे, म्हणून व्यापारी आपले बैल घेऊन तिकडेच वळत. संगमेश्वराकडची मिठागरे बसतील अशी धास्ती होती. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना हुकूम पाठवला, की बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात घ्या की ते संगमेश्वरी मिठाहून महाग पडावे.

आपल्या मिठागरांचे रक्षण झाले, हे खरे. पण जकातीचा भार शेवटी कुणावर येतो? बारदेशाला लागून राहणाऱ्या गरिबाच्या पेजेतले मीठ त्यामुळे महागले असणार. या हुकमाचे कौतुक करताना आपण, निदान या भागातल्यांनी, तेवढे ध्यानात ठेवावे.

मला जास्त मोलाचे वाटते ते दुसरे पत्र. ५ सप्टेंबर १६७६ चे, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले. त्यात सुभेदाराला कचेरीत बसू दिलेले नाही. गावोगाव फिर, कुळे गोळा कर, कुणाकडे माणूसबळ किती, बैल किती, दाणे किती ते पाहा, असे सांगितले आहे. अंगात कष्टाची ताकद आहे पण जोत नाही, पोटाला दाणे नाहीत, अशा कुळाला दोन-चार बैलांसाठी रोख पैसे द्यायचे, खंडी-दोन खंडी दाणे द्यायचे आणि झेपेल तेवढे शेत करवून घ्यायचे. वसुली करायची ती वाढीदिढी न लावता, फक्त मुद्दलाची, आणि तीही कूळ सावरेल तशी हळूहळू. जुनी बाकी खरोखर फिटण्यासारखी नसेल तर ती कळवायची, म्हणजे माफ करता येईल. यापायी लाख-दोन लाख लारी खर्ची पडली तरी चालेल. लारी म्हणजे वाकवलेल्या चांदीच्या तारेचे नाणे. इराणच्या आखातातून आलेले आणि कोकणात चाललेले.

यात सरकारचा स्वार्थ होताच. पडीक जमीन लागवडीस आली की सारा वाढतो, आणि पत्रात तो हेतू लपवलेला नाही. मला तो व्यवहारीपणा आवडतो. दयेवर चालणारी मदत धन्याची मर्जी फिरली की आटते. पुढे इंग्रजी अमलात १८८४ च्या कायद्याखाली मिळणारी तगाई व्याजाने होती, हेही इथेच सांगतो.

तिकडे इंग्लंडात १६०१ साली राणी एलिझाबेथच्या कायद्याने निराळी वाट धरली. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, आपल्या लोकांवर कर बसवायचा; त्यातून म्हाताऱ्या-पांगळ्यांना पोसायचे आणि धडधाकटांना कामाला लावायचे. प्रभावळीच्या पत्रात म्हाताऱ्या-पांगळ्यांसाठी काही नाही. नांगर धरू शकणारी माणसे ज्या घरात उरली नाहीत, त्या घराला बैल देऊन काय उपयोग? त्यांचा भार भाऊबंदांवर, गावावर आणि देवस्थानावरच राहिला.